३५ टक्के शाळा, ३ टक्के वर्ग

अमेरिकेच्या शिक्षण खात्यात 'नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स' नावाचे सांख्यिकी केंद्र आहे. १९९४ च्या शरदात या केंद्राने देशातल्या सरकारी शाळांकडे पहिल्यांदा विचारणा केली: शाळेत इंटरनेट आहे का, आणि असल्यास शिकवण्याच्या किती खोल्यांत आहे? उत्तरे जमा झाल्यावर दोन आकडे निघाले. इंटरनेट असलेल्या शाळा ३५ टक्के होत्या. इंटरनेट असलेल्या खोल्या ३ टक्के.

दोन्ही आकडे खरे आहेत. शाळेत कुठेही एका संगणकाला मोडेम लावून तो टेलिफोनच्या तारेला जोडला, की ती शाळा पहिल्या रकान्यात 'आहे' म्हणून बसे. दुसऱ्या रकान्यात वर्ग, प्रयोगशाळा, संगणककक्ष, ग्रंथालय अशी शिकवण्याची एकेक खोली मोजली जाई. पहिला रकाना शाळेच्या उंबरठ्याशी थांबतो, दुसरा आत जातो.

ही पाहणी २००३ पर्यंत दरवर्षी झाली, २००४ साली झाली नाही आणि २००५ साली पुन्हा झाली. तिचे अहवाल आज उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीला त्या काळातली राष्ट्राध्यक्षांची भाषणे, कायदा, सवलतीचा तक्ता आणि अर्थतज्ज्ञांचा एक शोधनिबंध ठेवला, तर अमेरिकन शाळांत इंटरनेट कसे शिरले याचा इतिहास बऱ्यापैकी उभा राहतो. याच कागदांवर सहसंबंध म्हणजे काय आणि काय नव्हे, हेही नीट समजून घेता येते. धन, ऋण आणि नगण्य असे सहसंबंधाचे तीनही प्रकार या तक्त्यांत सापडतात. कधी कधी तर एकाच जोडीत दोन प्रकार सापडतात.

कागद कोणते, कशासाठी केलेले

११ जानेवारी १९९४ रोजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भाषण केले. दोन आठवड्यांनी, २५ जानेवारीला, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन संसदेपुढे बोलले. त्यांच्या वार्षिक भाषणात उद्दिष्ट स्पष्ट होते: २००० सालापर्यंत देशातला प्रत्येक वर्ग, प्रत्येक ग्रंथालय, प्रत्येक दवाखाना आणि रुग्णालय माहितीच्या राष्ट्रीय महामार्गाला जोडायचे. क्लिंटन 'प्रत्येक वर्ग' म्हणाले होते, 'प्रत्येक शाळा' नव्हे. पुढचे आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

शाळांची पाहणी केंद्राच्या 'फास्ट रिस्पॉन्स सर्व्हे सिस्टीम' या यंत्रणेने केली. नावाप्रमाणेच ही झटपट उत्तरे मिळवण्याची व्यवस्था होती. प्रश्नावली आटोपशीर, शाळांचा नमुना साधारण १,००० चा. २००५ साली नमुन्यात १,२०५ शाळा होत्या. म्हणजे या तक्त्यांतला प्रत्येक आकडा हा नमुन्यावरून बांधलेला अंदाज आहे आणि त्यात थोडी चूकभूल गृहीत आहे. याचा पुरावा अहवालांतच सापडतो: १९९९ च्या मूळ अहवालात इंटरनेट असलेल्या खोल्या ६३ टक्के आहेत, तर नंतरच्या अहवालांच्या तक्त्यांत त्याच वर्षासमोर ६४ छापले आहे. पुढचे सर्व हिशेब मी नंतरच्या तक्त्यांवरून केले आहेत.

तिसरा कागद कायद्याचा. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. त्यातल्या तरतुदीनुसार शाळा आणि ग्रंथालयांना दूरसंचार सेवा सवलतीत द्यायची ठरली. मे १९९७ मध्ये संघीय दूरसंचार आयोगाने तिचे नियम केले. वर्षाला २.२५ अब्ज डॉलरची मर्यादा घातली आणि १९९८ पासून सवलत सुरू झाली. ही योजना 'ई-रेट' या नावाने ओळखली जाते. मधल्या काळात, ९ मार्च १९९६ रोजी, कॅलिफोर्नियात 'नेटडे' झाला. हजारो स्वयंसेवकांनी शाळाशाळांत तारा ओढल्या. कॉन्कॉर्ड गावच्या एका शाळेत क्लिंटन आणि गोर यांनी स्वतः केबल ओढायला हात लावला.

यातला एकही कागद सहसंबंध काढण्यासाठी केलेला नाही. पाहणीला उद्दिष्टाची प्रगती मोजायची होती, कायद्याला पैसे वाटायचे होते. आपण त्यांना वेगळाच प्रश्न विचारतो आहोत, म्हणून उत्तर घेताना सावध राहायला हवे.

चढत्या दोन ओळी

मुख्य तक्ता असा. पहिला आकडा इंटरनेट असलेल्या शाळांचा, दुसरा खोल्यांचा, दोन्ही टक्क्यांत.

१९९४: ३५ आणि ३
१९९५: ५० आणि ८
१९९६: ६५ आणि १४
१९९७: ७८ आणि २७
१९९८: ८९ आणि ५१
१९९९: ९५ आणि ६४
२०००: ९८ आणि ७७
२००१: ९९ आणि ८७
२००२: ९९ आणि ९२
२००३: १०० आणि ९३

दोन्ही रकाने वर चढतात. एक वाढतो तेव्हा दुसराही वाढतो, म्हणून हा धन सहसंबंध. तो किती घट्ट आहे हे सांगणारा गुणांक कार्ल पिअर्सनने १८९६ साली सूत्रात बसवला. त्याआधी १८८८ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने रॉयल सोसायटीपुढे माणसाच्या अवयवांची मापे घेऊन ही कल्पना मांडली होती. हिशेब अवघड नाही. प्रत्येक रकान्याची सरासरी काढायची. प्रत्येक वर्षी आकडा सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते पाहायचे. दोन्ही रकान्यांतल्या या फरकांचा गुणाकार करायचा आणि सगळ्या वर्षांचे गुणाकार एकत्र मिळवायचे. मग दोन्ही रकान्यांतल्या चढउताराच्या मापाने त्या बेरजेला भागायचे. उत्तर नेहमी उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान येते. शून्याच्या आसपास आले तर सरळ रेषेत बसणारे नाते नाही, असे समजायचे.

वरच्या दहा वर्षांचा गुणांक ०.९३ येतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा 'प्रबळ धन सहसंबंध'. इथे थांबणारे पुष्कळ. थांबू नये, याचे कारण जॉर्ज उडनी यूल या ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञाने १९२६ सालीच छापून ठेवले आहे. इंग्लंड-वेल्समधली १८६६ ते १९११ या काळातली आकडेवारी त्याने घेतली. एका रकान्यात एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण, दुसऱ्यात मृत्युदर. सहसंबंध आला ०.९५. चर्चमधली लग्ने कमी झाल्याने माणसे जास्त जगू लागली, असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी त्या अर्धशतकात आपापल्या कारणांनी घटत होत्या, एवढेच. गल्लीतली, एकमेकांशी नात्याची नसलेली दोन मुले पाच वर्षांची असल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी मोजली, तर त्यांच्या उंचीचा सहसंबंध असाच १ च्या जवळ येईल. काळ दोघांनाही पुढे ढकलतो.

म्हणून काळाचा हा रेटा काढून टाकणारी कसोटी लावावी. मुक्काम कोणता हे न पाहता, दरवर्षी किती अंतर कापले ते पाहायचे. शाळांच्या रकान्यातली वार्षिक वाढ अशी: १५, १५, १३, ११, ६, ३, १, ०, १. खोल्यांच्या रकान्यातली: ५, ६, १३, २४, १३, १३, १०, ५, १. या दोन ओळींचा सहसंबंध ०.२२ निघतो. तोच तक्ता, तीच वर्षे, आणि ०.९३ चे ०.२२ झाले. प्रबळ म्हणावे ते जवळजवळ नगण्य ठरले.

हे उत्तर निराशेचे नाही. इतिहासाच्या दृष्टीने ते ०.९३ पेक्षा अधिक बोलके आहे. १९९४ ते १९९६ या काळात शाळांचा आकडा दरवर्षी १५ ने उडी मारतो, पण खोल्या ५-६ टक्क्यांनीच सरकतात. तो काळ उंबरठा ओलांडण्याचा. १९९६ साली इंटरनेट असलेल्या शाळांपैकी ७४ टक्के शाळा डायल-अपवर होत्या. टेलिफोनच्या एका तारेवर अख्खी इमारत जोडणे शक्यच नव्हते. १९९७ ते २००१ हा काळ आत शिरण्याचा. तेव्हा शाळांची वाढ मंदावते आणि खोल्यांची वाढ जोर धरते. १९९७-९८ या एका वर्षात खोल्या २७ वरून ५१ टक्क्यांवर गेल्या. २००१ पर्यंत डायल-अप वापरणाऱ्या शाळा ५ टक्क्यांवर आल्या होत्या. म्हणजे एकाच वेळी चालणारी ही एक चळवळ नव्हती. एकामागून एक आलेल्या दोन लाटा होत्या. मूळ आकड्यांवर काढलेला सहसंबंध ते झाकतो, वाढीवर काढलेला ते उघड करतो.

याच तक्त्यात आणखी एक धडा आहे. २००३ साली शाळांचा आकडा १०० वर पोचला आणि २००५ मध्येही १०० च राहिला. ज्या रकान्यात चढउतार उरला नाही, त्याचा कशाशीही सहसंबंध निघत नाही. सूत्रात शून्याने भागायची वेळ येते. 'शाळेत इंटरनेट आहे का' हा प्रश्न त्या दिवसापासून सांख्यिकीच्या दृष्टीने मेला.

आणि उद्दिष्टाचे काय? २००० साली जोडलेल्या शाळा ९८ टक्के होत्या. भाषणात म्हटलेले वर्ग मोजायचे तर ७७ टक्के. उद्दिष्ट जवळपास गाठले म्हणायचे की चौथा हिस्सा बाकी राहिला म्हणायचे, हे कोणता रकाना पुढे करायचा यावर ठरत होते.

उलट दिशेची जोडी

१९९८ पासूनच्या अहवालांत आणखी एक माप मिळते: शिकवण्यासाठी ठेवलेल्या, इंटरनेट असलेल्या एका संगणकामागे विद्यार्थी किती. १९९८ साली १२.१, मग क्रमाने ९.१, ६.६, ५.४, ४.८, ४.४, आणि २००५ साली ३.८. खोल्यांचा टक्का याच काळात ५१, ६४, ७७, ८७, ९२, ९३, ९४.

एक रकाना चढतो, दुसरा उतरतो. १९९८ चे वर्ष जवळून पाहू. खोल्यांची सात वर्षांची सरासरी ७९.७, त्या वर्षी आकडा तिच्यापेक्षा २८.७ ने खाली. विद्यार्थ्यांची सरासरी बरोबर ६.६, त्या वर्षी आकडा ५.५ ने वर. खालच्या आणि वरच्या फरकाचा गुणाकार उणे १५८ च्या आसपास. २००० साली दुसरा आकडा नेमका सरासरीवर, म्हणून गुणाकार शून्य. २००५ साली खोल्या १४.३ ने वर, विद्यार्थी २.८ ने खाली, गुणाकार पुन्हा उणे. सगळे मिळून गुणांक उणे ०.९९. वार्षिक फरकांवर, म्हणजे १९९८ ते २००३ या सलग वर्षांवर, हिशेब केला तरी तो उणे ०.९१ राहतो. ही जोडी वार्षिक फरकांच्या कसोटीला उतरते.

उतरते याचे कारण इथे खरे नाते आहे. खोलीत तार आली की तिथल्या संगणकाला ती जोडली जाते, मग जोडलेले संगणक वाढतात आणि एका संगणकामागची रांग आखूड होते. यंत्रणाच ठाऊक असल्यावर सहसंबंध तिला दुजोरा देतो.

पण 'ऋण' या चिन्हात वाईट काही नाही, हेही इथेच समजते. तोच आकडा उलटा लिहून पाहा: एका संगणकामागे विद्यार्थी किती याऐवजी १०० विद्यार्थ्यांमागे संगणक किती. १९९८ साली ८.३, २००५ साली २६.३. रकाना आता चढतो आणि सहसंबंध धन होतो. शाळेत काहीच बदलले नाही. आपण अंश आणि छेद यांची अदलाबदल केली एवढेच. अधिक-उणे हे चिन्ह वाचण्याआधी रकान्याचे शीर्षक वाचावे ते यासाठी.

गरिबी आणि सवलत

शाळा किती गरीब, हे अमेरिकेत जेवणाच्या नोंदीवरून मोजतात. घरचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मुलाला शाळेत मोफत जेवण मिळते, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. अशा पात्र मुलांचा टक्का हीच शाळेच्या गरिबीची मोजपट्टी.

१९९९ च्या अहवालात या पट्टीप्रमाणे शाळांचे गट पाडले आहेत. ज्या शाळांत ७१ टक्के किंवा त्याहून अधिक मुले पात्र, तिथे इंटरनेट असलेल्या खोल्या ३९ टक्के. बाकी सगळ्या गटांत ६२ ते ७४ टक्के. ७४ हा आकडा सर्वांत सुस्थित शाळांचा, जिथे पात्र मुले ११ टक्क्यांहून कमी होती. गरिबी वाढते तशी जोडणी घटते, म्हणजे ऋण सहसंबंध. मात्र उतार एकसारखा नाही. सुस्थित शाळांपासून मध्यम-गरीब शाळांपर्यंत तो १२ टक्क्यांचा, आणि शेवटच्या एकाच पायरीवर एकदम २३ टक्क्यांची घसरण. एका गुणांकात हे सगळे गुंडाळले तर वाचकाला वाटेल, गरिबी जराशी वाढली की इंटरनेट जरासे कमी. कागद सांगतो ते वेगळे: बहुतेक शाळा एका पठारावर होत्या आणि सर्वांत गरीब शाळा त्या पठाराखालच्या खड्ड्यात.

ई-रेटच्या सवलतीचा तक्ता याच मोजपट्टीवर बेतलेला होता. पात्र मुले १ टक्क्याहून कमी असतील तर सवलत शहरी शाळेला २० टक्के, ग्रामीण शाळेला २५. १ ते १९ टक्के असतील तर शहरी शाळेला ४०, ग्रामीण शाळेला ५०. २० ते ३४ असतील तर ५० आणि ६०. ३५ ते ४९ असतील तर ६० आणि ७०. ५० ते ७४ असतील तर दोघांना ८०. ७५ आणि त्यावर असतील तर दोघांना ९०. म्हणजे शहरातल्या एखाद्या शाळेत पात्र मुले ४९ टक्क्यांची ५० टक्के झाली, की सवलत ६० वरून थेट ८० वर.

आता एक भोळा हिशेब करून पाहू. एका रकान्यात १९९९ सालची सवलत, दुसऱ्यात जोडलेल्या खोल्या. ज्यांना ८० किंवा ९० टक्के सवलत, त्या सर्वांत गरीब शाळांत खोल्या ३९ टक्के. ज्यांना सवलत सर्वांत कमी, तिथे ७४. सहसंबंध ऋण निघणार. सवलत वाढली की इंटरनेट घटते, सबब योजना बंद करा, असा निष्कर्ष कोणी काढला तर आकडे त्याच्या बाजूने असतील आणि तो साफ चुकलेला असेल. सवलत गरिबीमुळे जास्त होती, आणि जोडणीही गरिबीमुळेच कमी होती. दोन्ही रकान्यांच्या मागे तिसरी गोष्ट उभी होती.

तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेले अर्थतज्ज्ञ ऑस्टन गूल्सबी आणि जोनाथन गुर्यान यांनी हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. त्यांचा निबंध २००२ साली कार्यपत्र (वर्किंग पेपर) म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शाळेची १९९६ ते २००० ची तंत्रज्ञानविषयक माहिती घेतली, म्हणजे सवलतीपूर्वीची वर्षे आणि नंतरचीही. तिला ई-रेटच्या अर्जांची नोंद जोडली. एका वेळची गरीब शाळा आणि श्रीमंत शाळा शेजारी ठेवण्याऐवजी, किंमत उतरल्यावर शाळा कशा वागल्या हे त्यांनी तपासले. निष्कर्ष असा: योजना नसती तर जितक्या वर्गांत इंटरनेट असते, त्याहून सुमारे ६६ टक्के अधिक वर्गांत ते शेवटच्या वर्षी होते. सवलतीला सर्वांत जास्त प्रतिसाद शहरी आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण मोठे असलेल्या शाळांनी दिला. भोळा हिशेब ऋण दाखवत होता तिथे खरा परिणाम धन होता.

पुढचे तक्तेही त्याच दिशेने जातात. सर्वांत गरीब गटातल्या शाळांत, म्हणजे जिथे ७५ टक्के किंवा अधिक मुले पात्र, जोडलेल्या खोल्या २००० साली ६० टक्के झाल्या, २००१ साली ७९, २००५ साली ९१. त्याच वर्षी सुस्थित शाळांत ९६. फट पुरती बुजली नाही, पण खड्डा राहिला नाही.

निकालाचा रकाना

गूल्सबी-गुर्यान यांच्या निबंधाचा दुसरा निष्कर्ष कमी उद्धृत होतो. जोडणी वाढली, पण विद्यार्थ्यांच्या कामगिरीच्या कोणत्याही मापावर तिचा मोजता येईल असा परिणाम त्यांना आढळला नाही. सहसंबंधाच्या भाषेत हे तिसरे खाते: नगण्य.

राष्ट्रीय पातळीवर हाच प्रश्न विचारला तर काय दिसते? अमेरिकेत वाचनाची एक दीर्घकालीन चाचणी ९, १३ आणि १७ वर्षांच्या मुलांसाठी १९७१ साली सुरू झाली. गुणपट्टी ० ते ५००. १९९४, १९९६ आणि १९९९ या तीन वर्षांच्या सरासऱ्या अशा: ९ वर्षांची मुले २११, २१२, २१२. तेरा वर्षांची २५८, २५८, २५९. सतरा वर्षांची २८८, २८८, २८८. याच तीन वर्षांत जोडलेल्या खोल्या ३, १४ आणि ६४ टक्के.

आता गुणांक काढा. नऊ वर्षांच्या मुलांसाठी ०.६४. तेरा वर्षांच्या मुलांसाठी ०.९९. सतरा वर्षांच्या मुलांसाठी निघतच नाही, कारण रकान्यात चढउतारच नाही.

०.९९ हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभेल. इंटरनेट आणि वाचन यांचा जवळजवळ परिपूर्ण सहसंबंध! प्रत्यक्षात वर्गखोल्यांतले इंटरनेट ३ चे ६४ टक्के झाले आणि पाचशेच्या पट्टीवर वाचन एका गुणाने हलले. गुणांक दोन ओळी एकमेकींच्या तालात किती चालतात हे सांगतो. पाऊल वीतभर पडले की मैलभर, ते सांगत नाही. शिवाय ठिपके तीनच, आणि एका गुणाचा फरक नमुन्याच्या चूकभुलीत सहज मावतो. तारखाही नीट जुळत नाहीत: १९९९ ची चाचणी १९९८-९९ या शालेय वर्षात झाली आणि त्याच सालची इंटरनेट पाहणी नंतरच्या शरदात. कार्य आधी आणि कारण मागाहून, असा हा मामला.

तेव्हा 'नगण्य' हा शब्द लहान गुणांकालाच लागू होतो असे नाही. गुणांक मोठा असूनही नाते नगण्य असू शकते. उलट गुणांक शून्याजवळ आला म्हणून इंटरनेट निरुपयोगी ठरत नाही. वाचनाची चाचणी वाचन मोजते. दुर्गम खेड्यातल्या शाळेला त्या तारेतून मिळालेले पुस्तक किंवा शिक्षकाला मिळालेला धडा ती मोजत नाही. कागदाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कागदातून काढू नये.

शाळा आणि मूल

एक सावधगिरी राहते. वरचे सगळे आकडे शाळांचे, खोल्यांचे आणि सरासऱ्यांचे आहेत. मुलांचे नाहीत. जोडलेल्या खोलीत बसणारे कोणते मूल संगणकाला हात लावते, हे यांतून कळत नाही. गटाचा सहसंबंध व्यक्तीला चिकटवण्याचा धोका डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली दाखवला, तोही साक्षरतेच्याच आकड्यांवर. अमेरिकेची १९३० ची जनगणना त्याने घेतली. राज्यवार पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे जास्त, तिथे निरक्षरता कमी: गुणांक उणे ०.५३. व्यक्तिवार पाहिले तर परदेशात जन्मलेला माणूस निरक्षर असण्याकडे किंचित कल: अधिक ०.१२. चिन्हच उलटले. कारण साधे होते. स्थलांतरित जिथे स्थायिक झाले ती राज्ये मुळातच अधिक साक्षर होती.

भारतात आज हे सगळे पुन्हा घडते आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या यू-डायस प्लस अहवालांप्रमाणे इंटरनेट असलेल्या शाळा २०२१-२२ मध्ये ३३.९ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के आणि २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के. मधल्या काळात, २०२२-२३ पासून, विद्यार्थ्यांची नोंद शाळावार एकूण आकड्यांऐवजी विद्यार्थीनिहाय घेण्याची पद्धत आली. म्हणून विद्यार्थिसंख्येशी जोडलेली मापे त्याआधीच्या वर्षांशी ताडून पाहताना जपून राहावे लागते. महाराष्ट्रातले मुख्याध्यापक दरवर्षी हीच माहिती भरतात, आणि तिच्यावरून जिल्ह्याजिल्ह्याचे तक्ते बनतात. लवकरच कोणीतरी या तक्त्याशेजारी दहावीचा निकाल ठेवील आणि गुणांक जाहीर करील.

तेव्हा त्याला चार गोष्टी विचाराव्यात. रकाना शाळांचा आहे, खोल्यांचा की मुलांचा? दोन्ही रकाने केवळ काळाबरोबर चढत तर नाहीत, वार्षिक वाढीवर गुणांक किती येतो? दोहोंच्या मागे गरिबीसारखी तिसरी गोष्ट उभी आहे का? आणि फरक प्रत्यक्षात किती गुणांचा? ही चार उत्तरे मिळेपर्यंत गुणांक धन आहे की ऋण, याला काही किंमत देऊ नये.